साखरेच्या डब्यातली किल्ली

थोरल्या जावयाला धाकट्याची नवी गाडी डोळ्यांसमोर नको व्हायची. गॅरेजात पत्रे ठोकून ठोकून याच्या हातांना घट्टे पडले, लोकांच्या गाड्या आरशासारख्या केल्या, आणि बुडाखाली मात्र तीच जुनी स्कूटर. धाकटा घरात आला कालपरवा, तरी सासूबाईंच्या तोंडी ऊठसूट त्याचंच कौतुक. पोटात दुखायचंच की हो!

सासऱ्यांच्या निवृत्तीचं जेवण होतं. सासूबाईंचा कायदा कडक: जो पिईल त्याची किल्ली साखरेच्या डब्यात, आणि डबा न पिणाऱ्या जावयाच्या ताब्यात. न पिणारा एकटा थोरला. घरात त्याला मान काय तो तेवढाच.

उन्हं कलल्यावर धाकटा भिंत धरत आला. "दादा, किल्ली द्या."

"बायको इथेच राहतेय ना तुझी? तूही पड जरा."

"तुमचं बरंय. तुमची स्कूटर किल्लीसकट रस्त्यावर सोडली तरी चोर हात लावणार नाही!"

सगळे खो खो हसले. थोरल्याची बायकोसुद्धा. सासूबाई आत लवंडल्या होत्या, अडवणारं दुसरं कुणी नव्हतं. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. घे लेका, तो मनात म्हणाला, घास एखाद्या खांबाला. मग येशीलच माझ्या दारात नाक घासत. त्याने डबा उघडला आणि किल्ली धाकट्याच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी खरोखरच त्याच्या गॅरेजच्या दारात उभी राहिली. धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"खांबाला लागली, दादा. दुपारपर्यंत सरळ करा. कुणाला बोलू नका."

किल्ली अजून साखरेने चिकट होती. थोरल्याला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्याने ऐटीत बॉनेटवर हात फिरवला, आणि हात तिथेच थांबला. खांबाला धडकलेला पत्रा घडी पडल्यासारखा दुमडतो. हा पसरट दबला होता. दिव्याच्या फटीत निळ्या कापडाची चिंधी अडकली होती. कोपऱ्यावरच्या शिंप्याला काल कुणीतरी उडवून पळालं, त्याचा पाय कापावा लागला, हे त्याने सकाळीच चहा घेताना ऐकलं होतं.

"हा खांब नाही," तो म्हणाला.

धाकट्याने त्याचा हात धरला. "मी शुद्धीत नव्हतो हो, दादा! मला काही कळलंच नाही. तुम्ही तेवढी गाडी सरळ करा."

थोरल्याने हातोडी खाली ठेवली आणि पोलिसांना फोन लावला. गाडी कुठे आहे ते सांगितलं, कोण चालवत होतं तेही सांगितलं.

"आणि आपण कोण?" पलीकडून विचारणा झाली.

"प्यायलेल्या माणसाला किल्ली देणारा."

मग दोघे साडू पायरीवर बसून राहिले. धाकटा रडत रडत एकच घोकत होता, मी शुद्धीत नव्हतो, मी शुद्धीत नव्हतो. थोरल्याला पुन्हा त्याचा हेवा वाटला. त्याला निदान तेवढं तरी म्हणता येत होतं.