धरणारी

सुईचं टोपण. पिवळं. तपासणीच्या टेबलाखाली, भिंतीला चिकटून पडलेलं — ते उचलायला ती वाकली तेव्हा कंबरेनं नेहमीची कुरकुर केली आणि तिनं ती नेहमीसारखीच ऐकून न ऐकल्यासारखी केली. टोपणं तिच्या ओळखीची होती. निळी, पिवळी, नारंगी... कुठलं टोपण कुठे घरंगळतं, झाडताना कुठल्या कोपऱ्यात सापडतं, हे तिनं झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण त्या टोपणाखालची सुई कातडीत शिरताना कशी दिसते, ते तिनं इतक्या वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. कुणाला सांगितलं तर खोटंच वाटेल. जनावरांच्या दवाखान्यात दिवसभर कुत्री-मांजरं धरणारी बाई, आणि सुई पाहिलेली नाही! आचाऱ्यानं कधी मीठ चाखलं नाही म्हणण्यासारखंच की हे.

तिनं टोपण डब्यात टाकलं आणि हात धुता धुता तिला पुन्हा खिशातल्या फोनची आठवण झाली. म्हणजे विसर पडलाच नव्हता, दुखऱ्या दाढेचा पडतो तेवढाच. फोनमध्ये दोन कोर्स उघडून ठेवलेले होते, लेकीनं शोधून दिलेले, दोन्ही घरबसल्या करायचे. एक छोटा: काही महिन्यांत आटपणारा, नुसते व्हिडिओ बघायचे, शेवटी बरोबर-चूकच्या खुणा करायच्या, की सहायकाचं प्रमाणपत्र. दुसरा मोठा, दोन वर्षांचा, पशुवैद्यकीय तंत्रज्ञाचा. त्यात प्रात्यक्षिकं, एखाद्या डॉक्टरच्या देखरेखीखाली स्वतः शीर शोधायची, स्वतः सुई लावायची, आणि आपल्या हातांचा व्हिडिओ काढून पाठवायचा. जनावराला हात लावणाऱ्या प्रत्येकाकडे काही ना काही प्रमाणपत्र हवं असा नियम आला होता. नसेल तर तिनं बाहेर बसून नुसत्या पावत्या फाडायच्या. आणि दोन्हीकडे नाव घालायचा आज शेवटचा दिवस होता.

"आई, तू कोर्स निवडतेयस की जावई?" लेक सकाळी म्हणाली होती. "कधीपासून नुसतं खालीवर करतेयस."

नवऱ्याचं मत तयारच होतं. "लवकर संपेल तो घे. दोन वर्षांत तुझे गुडघे तरी जागेवर राहणार आहेत का?" तो हसत म्हणाला होता, आणि तीही हसली होती, कारण गुडघ्यांचं खरं होतं. सगळंच खरं होतं. घरचं आवरून इथे यायचं, इथलं आवरून घरी जायचं, संध्याकाळी बसच्या पाटीवरची अक्षरं पुसट दिसायची, वाचायला बसलं की दुसऱ्या ओळीला पेंग यायची... थकवा खरा होता, हीच तर मोठी सोय होती. त्याच्या आड काय लपवलंय ते बघायला कोण येतंय?

डॉक्टरबाईंना तर शंकाच नव्हती. "तू मोठाच कर. प्रात्यक्षिकं माझ्याकडे कर, मी आहे. तुझ्यासारखं काळीज आणायचं कुठून गं? मोठमोठी माणसं सुई बघून डोळे मिटतात, तू ढिम्म हलत नाहीस." हे ऐकताना तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. ढिम्म हलत नाही... बाई, मी तिकडे बघतच नाही हो. सकाळी मोठ्या कोर्सचा नमुन्याचा धडा लावला, तर त्यात रबरी कुत्र्याचा पाय होता, त्यात लाल पाणी — आणि सुई जवळ येताच मी पडद्यावर अंगठा ठेवला. रबराच्या पायाला भ्याले मी.

कारण धरण्याचं काम कानावर चालतं. एका हाताचा वेढा जनावराच्या मानेभोवती, त्याचं डोकं आपल्या खांद्याशी, आणि दुसऱ्या हातानं त्याचा पुढचा पाय पुढे करून कोपरापाशी शीर अंगठ्यानं दाबून ठेवायची. मग बाई खाली काय करायचं ते करतात. बाई "सोड" म्हणाल्या की अंगठा उचलायचा. एवढंच. तेवढ्या वेळात ती जनावराच्या तोंडाकडे बघत असायची आणि काहीबाही बोलत असायची, आणि "सोड" ऐकू आलं की झालं, सुई गेली, आणखी एक पार पडली.

ही सवय आईच्या आजारपणातली. आई अंथरुणाला खिळलेली, घरी येणाऱ्या नर्सला शिरा सापडायच्या नाहीत. एकदा टोचायचं, पुन्हा टोचायचं... आणि ती घाबरून त्या हाताकडे बघत राहिली की आई म्हणायची, "तिकडे काय बघतेस? माझ्याकडे बघ. बोल काहीतरी." मग ती बोलायची. शेजारणीनं पडदे बदलले, जिन्यातला दिवा पुन्हा गेला, काहीही. आई तिच्या तोंडाकडे बघायची, ती आईच्या, आणि खाली कुणीतरी तिसऱ्याच बाईच्या हातात सुई खुपसतंय असं दोघींनाही वाटायचं. आई गेली. मान मात्र तशीच वळलेली राहिली, आणि तिनं त्याला मनातल्या मनात एक नाव देऊन टाकलं होतं. पळपुटेपणा.

दुपारी शिंपी आला, त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन. कुत्र्याचं नाव साहेब. "साहेबांनी कालपासून तोंडात काही घेतलं नाही हो ताई," तो म्हणाला, आणि साहेब त्याच्या पायाशी एखाद्या ओल्या पोत्यासारखा बसला. मूत्रपिंडं थकली होती, वरचेवर सलाईन लावावं लागे. "मी बाहेर थांबतो. मला बघवत नाही. जन्म गेला सुई चालवण्यात, पण कापडाला काय, बोंबलता येत नाही."

साहेबाला उचलून टेबलावर घेताना तिनं ठरवलं. आज बघायचं. बघवलं तर मोठा कोर्स, नाही बघवलं तर छोटा. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे, डोकं पिकलं नुसतं. तिनं मान धरली, पाय पुढे केला, अंगठा दाबला आणि खाली पाहिलं.

केस काढलेली फिकट कातडी. आणि तिच्या अंगठ्याखालून एक निळसर रेघ हळूहळू फुगत वर आली... हे मी करते? इतकी वर्षं हे मी करत होते? बाईंचा हात आला, सुई टेकली, आत गेली. बस्स. घेरी नाही, घाम नाही, काही नाही. कापडात टाका जावा तशी गेली, आणि नळीच्या तोंडाशी रक्ताचा लाल ठिपका उमटला. तिला चक्क हसू फुटलं. यालाच भ्याले होते होय मी!

आणि तेवढ्यात साहेबानं मान फिरवली. मानेभोवतीचा तिचा वेढा कधी सैल झाला होता तिला कळलंच नव्हतं. तो वर बघत होता, इकडे, तिकडे, तिच्या हनुवटीकडे, केसांकडे... तिचं तोंड शोधत होता. ते सापडेना तसा तो घाबरला आणि त्यानं हिसका मारून पाय ओढून घेतला.

"अगं, अगं!" बाई ओरडल्या. सुई निघाली होती, टेबलाच्या पत्र्यावर रक्त सांडलं होतं. "लक्ष कुठाय तुझं?"

लक्षच तर होतं, ती मनात म्हणाली.

दुसऱ्या पायाला पुन्हा सगळं. या वेळी ती साहेबाच्या नाकाशी नाक नेऊन बोलत राहिली. काय हो साहेब, धनी बाहेर बसलाय बरं, कुठे जात नाही, फेऱ्या मारतोय नुसत्या... साहेबाचे पिवळट, धुरकट डोळे तिच्या डोळ्यांत रुतून बसले आणि त्याचा श्वास तिच्या श्वासाबरोबर उतरत गेला. "सोड." तिनं अंगठा उचलला.

"हं, आता कशी!" बाई म्हणाल्या. "मघाशी काय झालं होतं?"

"काही नाही." मग न राहवून तिनं विचारलं, "बाई, उद्या सुई मी लावायला लागले, तर धरणार कोण?"

"धरायला काय, मिळेल कुणीतरी." बाई हातमोजे काढत होत्या. "त्यात शिकायचं काय असतं?"

बाईंच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिलाही ते माहीत होतं, कारण हेच वाक्य ती स्वतः सांगत आली होती. काय काम करता? काही नाही, मी नुसती धरते. स्वतः म्हणताना ते कधी लागलं नव्हतं. आज दुसऱ्याच्या तोंडून आलं आणि असं लागलं की टेबल पुसताना तिचे डोळे भरून आले. चांगलं खसखसून पुसलं तिनं ते टेबल.

संध्याकाळी ती बाहेरच्या बाकावर टेकली. पाय भरून आले होते. समोरच्या दुकानांतले दिवे एकेक करून लागत होते. फोन वाजला.

"आई, ठरलं का? आज बंद होतंय ते."

"मला सुई बघता येते गं," ती म्हणाली.

"म्हणजे काय? तुला तर रोजच..." लेक गोंधळली. "मग मोठाच ना?"

सकाळी किती सोपं होतं. भित्र्यांसाठी छोटा, धीटांसाठी मोठा, आणि आपण भित्र्या. काही ठरवायचं उरलंच नव्हतं, नुसती सबब शोधायची होती. आता भीती गेली, आणि तिच्या मागोमाग लाजही गेली. सुई लावायला शिकायचं होतं — अंगठ्याखाली वर आलेली ती रेघ डोळ्यांसमोरून हलत नव्हती. पण आपलं तोंड शोधणारे साहेबाचे डोळेही तिथेच होते, आणि तिथे उद्या कुणाचं तोंड असेल, असेल की नसेल, कुणास ठाऊक. मी कुठे उभी राहू? हे आजवर तिला कुणी विचारलं नव्हतं, तिनंही स्वतःला नाही.

"आई? आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली. "थांब जरा. पहिल्यांदाच विचार करतेय."