गोफणवाला कुंदन

अमरावतीत बेसबॉल म्हटलं की लोक कुंदन ढोमणेचं नाव घेतात, आणि कुंदनचं नाव निघालं की गोफणीचं. बेसबॉल कशाशी खातात हे शंभरातल्या नव्वदांना ठाऊक नाही. पण नांदगाव खंडेश्वरकडचा एक पोट्टा ज्वारीतली पाखरं हाकता हाकता गोफण शिकला, त्याच हातानं चेंडू फेकून पिचर झाला, तैवानात एक हंगाम आणि दुबईच्या लीगमध्ये तीन हंगाम पैसे घेऊन खेळला, हे पानठेल्यावरच्या माणसालाही तोंडपाठ. होर्डिंगवर त्याचं नाव 'गोफणवाला कुंदन' असंच छापलेलं असतं.

आता खरं ऐका. ती गोफण त्याच्या मोठ्या बहिणीची होती, शालूची. त्यांच्या काळ्या रानात औषधालाही गोटा सापडायचा नाही, म्हणून शालू चिखलाचे लिंबाएवढे गोळे वळून उन्हात वाळवायची. मचाणावर उभी राहून तिनं सोडलेला गोळा दोन धुरे, म्हणजे दोन वावरांचे बांध, ओलांडून जायचा, आणि गोफणीचा आवाज असा निघायचा की चिमण्याच काय, शेजारच्या वावरातली माणसंही मान वर करायची. कुंदननं जन्मात एकदाच गोफण फिरवली. गोळा मागे सुटला आणि आईनं डोक्यावरून आणलेला पाण्याचा माठ फुटला. त्यानंतर गोळे वाळवायचं काम त्याच्याकडे आलं. तेही तो टाळायचा.

एकदा अमरावतीच्या एका शाळेतले बेसबॉल शिकवणारे खेळाचे सर, महादेवराव, मोटारसायकलवरून जाताना मचाणावरच्या त्या पोरीला पाहून थांबले. संध्याकाळी घरी आले. म्हणाले, "पोरगी मला द्या. राहणं, खाणं, फी, सगळं माझ्याकडे. हिचा हात लाखात एक आहे."

वडिलांनी, नत्थुजींनी, चहा पाजला आणि म्हणाले, "पोट्टीले कुठं धाडता सर? तिच्यासाठी तं आमी पोरगा पाहून राहिलो. पोट्ट्याले न्या. एकाच घरचं रक्त हाय."

सरांनी पोट्ट्याला नेलं. शालू पंधराची होती, कुंदन बाराचा. तिनं रिकाम्या कपबशा उचलल्या आणि आत गेली.

कुंदननं पुढे कष्ट केले नाहीत असं कोणी म्हणू नये. खांदा सुजेपर्यंत तो भिंतीवर चेंडू मारायचा. सरळ चेंडू जायलाच त्याला दोन वर्षं लागली. पण भिंतीवर चेंडू मारणाऱ्याची बातमी कोण छापतं? तैवानला पहिल्यांदा एका वार्ताहरानं विचारलं, असा हात आला कुठून, तेव्हा त्याला 'बहीण' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "लहानपणी शेतात गोफण फेकायचो." वार्ताहराचा चेहरा असा खुलला की पुढचं वाक्य गिळून टाकणंच सोपं होतं. नंतर प्रत्येक मुलाखतीत मचाण थोडं उंच झालं, पाखरं थोडी वाढली. प्रत्येक वेळी त्याला स्वतःची लाज वाटायची, आणि प्रत्येक वेळी तो तेच सांगायचा.

शालू लग्न होऊन अकोल्याला गेली. नवऱ्याबरोबर, किशोरबरोबर, फुलांचं दुकान बघते. भावाच्या एकाही सत्काराला ती आली नव्हती. कधी लग्नसराई असायची, कधी गणपती. कुंदनला मनातून बरंच वाटायचं. ती पेपर वाचत नसेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

या वर्षीच्या सत्काराला मात्र ती आली. तिची मुलगी आचल सहावीत. तिच्या 'माझा मामा' या निबंधाला शाळेत बक्षीस मिळालं होतं, आणि क्रीडा मंडळाचे अध्यक्ष पंजाबराव अशी संधी थोडीच सोडणार! त्यांनी पोरीला निबंधासकट बोलावलं. कुंदनला आदल्या दिवशी कळलं. जेवण गेलं नाही. सगळी दुनिया ती गोष्ट ऐकू दे, फक्त शालूसमोर ती निघायला नको, एवढंच त्याला हवं होतं. आणि आता ती निघणार होती तिच्याच पोरीच्या तोंडून.

आचल माइकसमोर उभी राहिली. तिनं खणखणीत आवाजात वाचलं, "माझा मामा आदल्या दिवशी चिखलाचे गोळे करून वाळवत असे, कारण काळ्या मातीत दगड नसतात. गोफणीची एक दोरी बोटात अडकवायची आणि दुसरी नुसती धरायची. तीन फेऱ्या झाल्या की धरलेली सोडायची. पाखरावर नेम धरायचा नाही, पाखराच्या पुढे धरायचा, असे मामा म्हणत असे."

हे कुंदननं कोणत्याच मुलाखतीत सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? गोळे सोडले तर त्याला यातलं काही ठाऊकच नव्हतं. हे सगळं एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस तिसऱ्या रांगेत मांडीवर पर्स ठेवून बसलं होतं. शालूनं पोरीला आपलं सगळं सांगितलं होतं आणि स्वतःच्या जागी त्याला उभं केलं होतं. धरती दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. शेजारी बसलेल्या महादेवराव सरांनी नजर वर केली नाही.

टाळ्या संपायच्या आत पंजाबरावांनी पिशवीतून नवी कोरी गोफण काढली. "आता कुंदनभाऊ आपल्याले फेकून दाखोते! मैदान मोकळं हाय, घाबरू नका!"

गोफण हातात आली. एक दोरी बोटात अडकवायची, हे त्याला आत्ताच, सहावीतल्या पोरीकडून कळलं होतं.

"मले येत नाही," तो माइकवर म्हणाला. "कधीच येत नव्हती. गोफण माह्या बहिणीची. सर तिले न्यायले आले होते. मी तिच्या जागी गेलो अन् तिची गोष्टबी घेऊन गेलो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. पंजाबरावांनी माइक हिसकावला, "पाहा, पाहा मोठेपना! एवढा मोठा झाला, तरी सारं श्रेय बहिणीले देऊन राहिला!"

"मोठेपना नाही हा," कुंदन ओरडला, "खोटं बोललो मी, चार वर्षं!"

टाळ्या आणखी वाढल्या. शाल त्याच्या खांद्यावर पडली, कोणीतरी सेल्फी घेतला. अख्ख्या मांडवात तीनच माणसं टाळ्या वाजवत नव्हती. सर, शालू आणि हातात निबंधाची वही घेतलेली आचल.

गर्दीतून सुटून तो बाहेर आला तेव्हा शालू रस्त्याच्या कडेला अकोल्याच्या बसची वाट पाहत होती. आचल चार पावलं दूर, पाठ करून उभी होती.

"ताई, सांगून टाकलं मी," तो म्हणाला. त्याला वाटलं होतं, ती निदान मान तरी हलवेल.

"कोनी सांगतलं होतं तुले सांगाले?"

"तू काहून लिवून देलं तिले ते? माह्या नावावर?"

"पोरीनं इचारलं, मामा गोफण कसा फेके. मले जे येत होतं ते सांगतलं." शालूनं पर्सचा बंद घट्ट केला. "माह्यं म्हनून सांगतलं असतं, तं तिनं इचारलं असतं, आई, मंग तू काहून नाई खेळली? ते इचारू नये म्हनून तुह्यं केलं. चार वर्षं मलेबी ते बरं पडलं. आता तुले मोकळं वाटून राहिलं असन."

मोकळं वाटत होतं. दोन मिनिटांपूर्वीपर्यंत खरंच वाटत होतं, आणि त्याचीच आता त्याला सर्वात जास्त शरम वाटली.

आचल वळून जवळ आली. मामाकडे तिनं बघितलंही नाही.

"आई, मंग तू काहून नाई खेळली?"

शालू रस्त्याकडे बघत राहिली. कुंदन पोरीसमोर खाली बसला. खांद्यावरची शाल धुळीत लोळत होती.

"सर आले तेव्हा तुह्या आज्यानं म्हटलं, पोट्टी नको, पोट्टा न्या."

"अन् आई?"

"आई कपबशा घेऊन आत गेली."

"अन् तू गेला?"

"गेलो," कुंदन म्हणाला. "माह्या पायातल्या नव्या बुटाकडे पाहत गेलो. तिच्याकडे वळूनबी नाही पाहिलं."

बस आली. आचलनं आईच्या हातातली पर्स स्वतःकडे घेतली, तिला आधी चढवलं आणि मग स्वतः चढली.