झाकणाचा दगड

इकडे बघा, मी बोलतोय. पेटी क्रमांक एक्याण्णव, वरून तिसरी ओळ, दीड वीत लांबीचा काळा गोल दांडा. दगडच तर आहे असं म्हणून पुढे जाऊ नका. साडेसहा कोटी वर्षं मला ऐकणारं कुणी भेटलं नव्हतं. आता भेटलंय, तर मी सगळं सांगूनच थांबणार.

माझा जन्म आगीतला. आज जिथे चाकूरचा बाजार भरतो, त्या भागात तेव्हा वितळलेल्या खडकाचे लोट वाहत आले आणि थरावर थर बसले. माझ्या खालच्या थरात बुडबुडे अडकले, त्याला जाळी पडली. मी मात्र घट्ट झालो. निवताना अंग आक्रसलं आणि माझ्यात उभी भेग पडली. तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. पुढे कधीतरी गरम पाणी त्या भेगेतून फिरलं आणि पांढरं खनिज ठेवून गेलं. भेगेची पांढरी रेघ झाली. ती आतपर्यंत भरली की वरवरच, ते मलाही ठाऊक नव्हतं.

मग गेल्या हिवाळ्यात डोक्यावर घरघर सुरू झाली. पाण्यासाठी बोअर मारतात तेव्हा खडकाचा चुरा होतो. इथे बोअर मारणाऱ्या नरसिंगचं यंत्र वेगळं होतं. ते दगड गोल कापून अखंड दांडाच, त्यांच्या भाषेत गाभा, वर काढायचं. दोनशे एकाहत्तर मीटरवरून मी वर आलो आणि पहिल्यांदा ऊन पाहिलं. काय सांगू तुम्हाला, अंगाला ऊन लागतं म्हणजे काय, हे ज्याला रोज मिळतं त्याला कळायचं नाही.

नरसिंगने मला धुतलं, निळ्या रंगाने अंगावर खोली लिहिली आणि वाळायला बांधावर उभं केलं. ज्यांच्या रानात हे काम चाललं होतं, त्या दानम्मा तिथेच उभ्या होत्या. साठीच्या पुढच्या, ताठ मानेच्या, प्रत्येक गोष्ट विचारून घेणाऱ्या.

"कशापायी काढायलास रे एवढे दगडं?"

"कारखान्याचा गॅस हाय की, कार्बन डायऑक्साइड. त्यो पाण्यात मिसळून, सोड्यावानी, खाली जाळीच्या दगडात सोडायचाय. तितं त्येचा हळूहळू दगड व्हतो म्हणं. आन् ह्यो वरचा घट्ट दगड म्हंजी झाकण."

"आन् झाकणाला भेग असली तर? आमच्या हिरीत यील का त्यो?"

"म्हणून तर भेगा बघायलेत आधी."

झाकण! मला माझं काम कळलं. कोट्यवधी वर्षं मी नुसता पडून आहे असं समजत होतो, आणि माझ्यावर तर अख्ख्या गावाच्या विहिरी अवलंबून होत्या. त्या रात्री मी आनंदाने वाळलोच नाही.

आणि सकाळी घोटाळा झाला. दानम्मा अंघोळ करून बांधावर आल्या. दवाने मी चकचकत होतो. काळा, गोल, उभा. एवढ्या खोलातून न मोडता वर आलेला. त्यांनी माझ्यावर भस्माचे तीन पट्टे ओढले, बेलाचं पान ठेवलं आणि पदरात घेऊन मला घरच्या देवळीत नेऊन बसवलं. नरसिंग मागोमाग धावला, उंबऱ्यापर्यंत आला, आणि भस्म बघून त्याचेच हात जोडले गेले. पूजा झालेल्या दगडाला हात कसा लावायचा? तो परत गेला. पेटीत माझ्या जागी लाकडाचा ठोकळा ठेवला आणि त्यावर लिहिलं : गाभा मिळाला नाही.

बिचाऱ्याला वाटलं, दीड वितीने काय बिघडतंय. मला मात्र घाम फुटायचा बाकी होता. यंत्राने दांडा वर दिला नाही, याचा अर्थ खाली खडकाचा चुरा झालेला आहे, असाच माणसं लावतात.

तसंच झालं. महिन्याने नांदेडहून बुद्धप्रिया आली, भेगांचा अभ्यास करणारी भूगर्भशास्त्रज्ञ. या बोअरचा अहवाल तिने एकटीने लिहायचा होता. दिवसभर ती पेट्यांपुढे उकिडवी बसून प्रत्येक भेग मोजत होती. एक्याण्णव नंबरवर ती थांबली. ठोकळ्याच्या वर भेग, ठोकळ्याच्या खाली भेग, आणि मधलाच दगड नाही.

"नरसिंगदादा, इथं नेमकं काय झालं होतं?"

"मिळाला न्हाई, मॅडम."

तिने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तो यंत्राकडे बघत राहिला. शेवटी तिने वहीत लिहिलं : झाकणाचा थर इथे तुटलेला असावा, बोअर सोडून द्यावा. लिहिताना तिचा चेहरा पार उतरला होता. मी हे कुठून पाहिलं? देवळी अंगणाच्या तोंडावर आहे आणि पेट्या अंगणात मांडल्या होत्या. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण दगडाचं कोण ऐकतं.

चहा घेऊन दानम्मा बाहेर आल्या. चहा देऊन परत जाता जाता सवयीने माझ्यावर तांब्याभर पाणी ओतलं. भस्म वाहून गेलं आणि निळा आकडा उघडा पडला. बुद्धप्रियाच्या हातातला कप तसाच राहिला.

ती उठली, पण तिने मला उचललं नाही. चप्पल काढून देवळीपुढे बसली आणि म्हणाली, "मावशी, हा दगड मला पाहिजे. तुम्ही दिला तरच नेईन."

"फोडशील?"

"आधी त्यात गॅस दाबून बघेन. मग यंत्रात चेपेन. फुटेलही."

नरसिंगने मान खाली घातली. "चूक माजी हाय, मॅडम. खोटं लिवलं मी."

दानम्मा म्हणाल्या, "किल्लारीला माज्या बहिणीचं घर व्हतं. दगडाच्या भिंती, एवढाल्या. आम्ही समदे म्हणायचो, ह्येला काय व्हतंय. भूकंपात त्याच भिंती आंगावर आल्या." त्यांनी माझ्या रेघेवर बोट ठेवलं. "महिनाभर पाणी घालायले ह्येच्यावर. दगड वाळतो, पण आधी ही रेघ वाळती. आत पाणी मुरलं असतं तर मागून वाळली असती का न्हाई? पण मला पुन्ना ह्येला काय व्हतंय म्हणायचं न्हाई. चल, मी बी येते. माज्या डोळ्यादेखत बघ."

बुद्धप्रियाने वहीतल्या त्या ओळीवर काट मारली. मावशींनी आपल्याआधीच तपासणी केली, असं ती हसून म्हणाली.

अहमदपूर, लोहा, नांदेड. तेवढ्या वाटेत मी दानम्मांच्या मांडीवर होतो. जीपच्या प्रत्येक धक्क्याला त्यांचा हात माझ्यावर घट्ट व्हायचा. त्यांना भीती माझी नव्हती, स्वतःच्या रानाची आणि विहिरीची होती. मलाही होती. रेघ पोकळ निघाली तर मी कशाचं झाकण?

प्रयोगशाळेत मला पोलादी नळकांड्यात आवळलं. खालच्या टोकाला गॅस, वरच्या टोकाची नळी पाण्याच्या ग्लासात. गॅस निसटला तर बुडबुडे येणार. काटा चढू लागला. लगेच एक बुडबुडा वर आला. दानम्मांनी डोळे मिटले.

"नळीतली हवा आहे मावशी, थांबा," बुद्धप्रिया म्हणाली, पण तिनेही ग्लासावरची नजर काढली नाही.

दुसरा बुडबुडा आला नाही. दहा मिनिटं, अर्धा तास, दुपार. नाहीच आला. अहो, मी सगळं अंग आवळून धरलं होतं, आणि नंतर कळलं की आवळायची गरजच नव्हती. ती रेघ आरपार भरलेली होती.

मग मला चेपण्याच्या यंत्रात ठेवलं. दाब वाढत गेला आणि मी फुटलो. मोठा आवाज झाला. दुखलं, खोटं कशाला सांगू. पण मी नव्या जागी फुटलो. जुन्या भेगेच्या दोन्ही बाजू तशाच एकमेकींना धरून राहिल्या. दानम्मांनी तो तुकडा उचलला, रेघेवरून अंगठा फिरवला, नखाने ओरखडून पाहिलं.

"हितं तुटायला पायजे व्हतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आन् हितंच धरलंय की गं."

बुद्धप्रियाने त्यांना स्पष्ट सांगितलं की ही एक रेघ झाली, अजून चाळीस तपासायच्या आहेत, आणि त्यातली एक जरी उघडी निघाली तरी ती तसंच लिहील. दानम्मा म्हणाल्या, तसंच लिही.

आता मी दोन तुकड्यांनी या पेटीत, नांदेडच्या प्रयोगशाळेतच आहे. दर गुरुवारी चाकूरहून दानम्मांचा फोन येतो. किती झाल्या, असं विचारतात. कालपर्यंत सव्वीस झाल्या आणि सगळ्या भरलेल्या. माझा आनंद या पेटीत मावत नाही, पण उरलेल्या चौदांची धाकधूकही आहे. म्हणून जाता जाता एवढंच सांगतो. मला हात जोडा, माझी ना नाही. पण आधी दाबून बघा.