पाणसळीत बसवलेला पिनबॉल

हलवू नका हो, बोलतोय मी. आणि माझ्या काचेवरची ती दुपट्यांची चळत जरा उचला, म्हणजे माझं तोंड तरी दिसेल. मी पिनबॉलचं मशीन. वय विचारू नका. माझ्या जन्माच्या वेळी खेळायला पडद्यावर बोट फिरवून भागत नसे, कंबर लागत असे, एवढं सांगितलं तरी पुरे.

माझ्या पोटात ढीगभर वायरी आहेत, तीन घंटा आहेत, एक पोलादी गोळी आहे. काचेखाली उतरती फळी आहे. गोळी वर उडवायची, ती खाली येणार, दोन बाजूंच्या छोट्या हातांनी तिला परत वर हाणायची. बस, एवढाच खेळ. म्हणून माझे मागचे पाय पुढच्यांपेक्षा चांगले दोन बोटं उंच असतात. हा उतार लक्षात ठेवा. माझं सगळं आयुष्य त्यावरच उभं आहे, आणि तिरकंच उभं आहे.

आणखी एक अवयव सांगतो. पोटात, माझ्या उतारावर बेतून बसवलेल्या एका कडीच्या बरोब्बर मधोमध, गवंड्याच्या ओळंब्यासारखा एक लंबक लोंबतो. हरायला लागलेला माणूस मला धक्के मारतो. धक्का फार झाला की लंबक कडीला टेकतो, आणि मी खेळ तिथल्या तिथे बंद करतो. वरच्या चित्राच्या काचेत लाल दिवा लागतो. अर्थ एकच: हलवलंत, बसा आता.

माझी उमेदीची वर्षं एका न्हाव्याच्या दुकानात गेली. बाकावर वाट बघणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे यायची. गोळी डावीकडे जावी म्हणून ती स्वतः डावीकडे झुकायची, जणू गोळी त्यांच्या खांद्याकडे बघून वाट ठरवते. एक गृहस्थ तर अर्धी दाढी झालेली असताना खुर्चीतून उठून आले, एका गालाला साबण तसाच. "अहो, वाळेल तो!" न्हावी ओरडला. "वाळू दे. शेवटची गोळी आहे," ते म्हणाले. ती शेवटची नव्हती. माणसांची शेवटची कधीच नसते.

मग न्हाव्याच्या जावयाने दुकान घेतलं, भिंतीवर टीव्ही लावला, आणि मला मागच्या खोलीत पोत्यांखाली गाडलं. तिथे उंदरांनी माझ्या वायरींवर संसार केला. वाईट वाटलं नाही. निदान कुणीतरी वापरत होतं.

तिथून मला सध्याच्या मालकाने उचलून घरी आणलं. घरात एकच मोकळी खोली होती, आणि ती येणाऱ्या बाळासाठी राखलेली होती. बायको तेव्हा सात महिन्यांची गरोदर.

"दोन रविवारांत चालू करतो," तो म्हणाला.

दोन रविवार संपले तेव्हा मुलगी आठ महिन्यांची झाली होती.

त्याला दोष देत नाही. माणूस कष्टाळू. आधी त्याने माझे फोटो काढले. मग हत्यारं आणली. मग हत्यारं टांगायला फळी आणली, फळी सरळ बसावी म्हणून बुडबुड्याची पाणसळ आणली. मग मित्रांना बोलावून ती फळी दाखवली. मित्रांसमोर तो 'दुरुस्ती' म्हणत नसे, 'जीर्णोद्धार' म्हणत असे. एकेक वायर सोडवून तिला चिठ्ठी बांधली, माझ्या तिन्ही घंटा लखलखीत केल्या. कौतुकच आहे. याच काळात स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. तो अजून ठिबकतो. नळाला जीर्णोद्धाराचा मान नाही.

आणि ती, त्याची बायको. ती शिकलेली, हुशार, आणि सदान्कदा फिर्यादी-आरोपी दोन्ही आपणच. तिची एक वही होती. बाळ किती वाजता प्यायलं, किती वेळ झोपलं, शी कुठल्या रंगाची, सगळं त्यात. बाळ शिंकलं की ती विचारायची, "मी खिडकी उघडी ठेवली म्हणून झालं का रे?" दूध नासलं, "माझ्यामुळेच." शेजारीण जिन्यात हसली नाही, "मी काही बोलले असेन का?"

यावर त्याचं उत्तर ठरलेलं, तेही माझ्या पोटात डोकं घालून. "तुझं काहीतरीच!"

अखेर एका रविवारी मी पेटलो. दिवे लागले, घंटा वाजल्या, गोळी धावली. मुलीने टाळ्या पिटल्या. फक्त वरचा लाल दिवा गेलेला होता. "तो शेवटी बघू," मालक म्हणाला. "घरातल्या घरात कोण हलवणार आहे?"

हे वाक्य ध्यानात असू द्या.

त्याच आठवड्यात ठरलं की पहिल्या तारखेला ती नोकरीवर परत जाणार आणि मुलीला सांभाळायला सासूबाई राहायला येणार. या खोलीत. माझ्यासकट.

"चालू असेल तर राहू दे एका कोपऱ्यात," ती नवऱ्याला म्हणाली. "पण बंद असेल तर सरळ भंगारात. आईंना पाय ठेवायला तरी जागा हवी."

"चालूच आहे की!" तो म्हणाला.

होतोच. मंगळवारपर्यंत. मंगळवारी मुलगी माझा पुढचा पाय धरून पहिल्यांदा उभी राहिली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातूनच तिला माझा उतार दिसला. एवढं धूड, तेही तिरकं! उद्या घसरून पोरीच्या अंगावर आलं म्हणजे? तिने फळीवरून पाणसळ काढली, माझ्या काचेवर ठेवली, पान्हा घेतला, आणि पायांखालचे स्क्रू फिरवत बसली. बुडबुडा अगदी मधोमध येईपर्यंत. मग वहीत लिहिलं: 'मशीन सरळ केलं. आता सुरक्षित.'

मी सरळ झालो, माझ्याबरोबर कडीही फिरली, पण पोटातला लंबक थोडाच ऐकतो? तो आपला पृथ्वीशी इमान राखून लोंबला आणि थेट कडीला टेकला. मला वाटलं, कुणीतरी हलवतंय. मी खेळ बंद केला. लाल दिवा लागून हे ओरडून सांगायला हवं होतं. पण तो 'शेवटी' बघायचा होता ना.

त्या संध्याकाळी मालकाने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग तोच तो प्रकार सुरू झाला: झाकण उघडलं, चिठ्ठ्या निघाल्या, धूर निघाला. तीन आठवडे माणूस माझी एकेक वायर तपासत होता. उकिडवा बसून पार मेटाकुटीला आला. "उंदरांनीच खाल्लंय कुठेतरी," असं म्हणायचा. बिचारे उंदीर! आणि गंमत बघा. शेजारणीच्या न हसण्याचीही जबाबदारी घेणारी ती बाई रोज त्याला चहा आणून देत होती, पण एकदाही म्हणाली नाही की माझ्यामुळे झालं का रे. जिथे खरंच तिचा हात होता तिथे तिला संशयच आला नाही. कारण तिथे तिने काळजी घेतली होती.

भंगारवाला शनिवारी यायचा ठरला.

शुक्रवारी दुपारी मुलगी झोपली होती. सासूबाईंसाठी बाळाचं वेळापत्रक उतरवून काढायला ती वही घेऊन या खोलीत बसली. पानं उलटता उलटता थांबली. 'मशीन सरळ केलं. आता सुरक्षित.' आणि त्याखालीच: 'संध्याकाळी मशीन बंद. हा जेवला नाही.'

तिने वर माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहतच होतो, मला दुसरं काम काय?

खरं सांगतो, त्या क्षणी माझा जीव तिच्या जिभेवर होता. ती काहीच बोलली नसती तरी चाललं असतं. एक रात्र गप्प राहायचं, सकाळी मी जाणार, खोली मोकळी, पलंग नीट मावणार. कुणाला कळलंही नसतं.

पण चूक सापडली आणि ती आपल्या नावावर लावून घेतली नाही, हे या बाईला जमणं शक्य नव्हतं. ती उठली. पान्हा घेऊन मागचे पाय पुन्हा दोन बोटं वर केले. बटण दाबलं.

तिन्ही घंटा एकदम वाजल्या. ती दचकून दाराकडे पळाली, मुलगी उठली नाही याची खात्री केली, आणि परत आली. पहिली गोळी गेली. "माझंच चुकलं," ती पुटपुटली. दुसरी गोळी बराच वेळ टिकली आणि ती न्हाव्याच्या गिऱ्हाइकासारखी डावीकडे झुकली. तिसऱ्या गोळीला तिने दात-ओठ खात मला कंबरेचा असा दणका दिला, की लंबक खणकन कडीवर आदळला आणि मी बंद पडलो. घरातल्या घरात कोण हलवणार म्हणे! ती एकटीच हसत सुटली, तोंडावर दुपटं दाबून.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. "अरे, मशीन मी बंद पाडलं होतं. मी त्याला सरळ केलं ना, म्हणून."

तो तोवर बटण दाबून नाचून घेत होता. "तुझं काहीतरीच! सरळ केल्याने कधी काही बिघडतं का? काल मी त्या मागच्या जोडाला डाग दिला, त्याने झालं."

"अरे पण वहीत लिहिलंय..."

"वहीत!" तो हसला. "सोल्डरिंग आहे ते. बाळाची शी नाही."

भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं गेलं. मित्रांना त्या मागच्या जोडाची कथा तीनदा सांगून झाली. ती दर वेळी समोर बसून ऐकत होती.

पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी सासूबाई आल्या. पलंग माझ्या कुशीला चिकटला. त्यांनी दुपट्यांच्या घड्या घातल्या, माझ्या काचेवर रचल्या, आणि चळत सरसर घसरून खाली आली.

"अगं बाई, हे असं उतरतं कशाला उभं केलंय?" त्या म्हणाल्या, आणि खोक्याचा पुठ्ठा चौघडी करून माझ्या पुढच्या पायांखाली सारला. दोन्हीकडे. बाई टापटिपीच्या. घड्या जागच्या जागी राहिल्या. लंबक कडीला टेकला.

संध्याकाळी मालकाने आईला खेळ दाखवायला बटण दाबलं. काही नाही.

"आता काय झालं?" तो पुन्हा उकिडवा बसला.

ती दारात होती. तिची नजर सरळ माझ्या पायांकडे गेली. पुठ्ठा दिसला. सासूबाई मांडीवर नातीला घेऊन बसल्या होत्या, आणि उद्या सकाळपासून ती नात दिवसभर त्यांच्याच मांडीवर असणार होती. बाईने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा पुठ्ठ्याकडे. मग खाली वाकून, काहीतरी पडलेलं उचलावं तसा दोन्हीकडचा पुठ्ठा ओढून काढला आणि मुठीत चुरगळला.

"माझ्यामुळेच झालं," ती म्हणाली. "झाडताना धक्का लागला असेल."

बटण दाबल्यावर मी लगेच पेटलो.

"मला वाटलंच!" मालक म्हणाला.

तर असा मी. चालू आहे. रविवारी खेळला जातो, इतर दिवशी दुपटी वागवतो. सासूबाईंना घड्या घसरलेल्या अजून खपत नाहीत आणि पुठ्ठ्याची खोकी घरात अजून आहेत, त्यामुळे उद्याचं काही सांगता येत नाही. ती चळत आता परत ठेवा हवी तर. तक्रार नाही. फक्त कुणाच्या हातून झालं तर एवढं करा, तो वरचा लाल दिवा लावून द्या. या घरात खरं बोलून उपयोग नाही हे एकीला कळून चुकलंय. निदान मला तरी बोलता येऊ दे.