तोगाशींचं उत्तर आलं

आमच्या हौशी रेडिओ मंडळात उरलेले सगळे सत्तरीच्या पुढचे. मी किनुको, अडुसष्टाची, आणि एकटीच बाई, म्हणून मला अजून "पोरगी" म्हणतात. मेल्यांना लाज नाही. दर शरदात एका रविवारी आम्ही सकाताच्या नगर सभागृहातली वरची खोली घेतो, आपापली यंत्रं मांडतो, आणि दुपारी अळकुड्या नि डुकराचं मांस घालून मिसोची आमटी करतो. एकेकाळी चाळीस माणसं यायची, पातेलं पुरायचं नाही. यंदा आम्ही तिघंच बसलो होतो. चौथे तोगाशी-सान यायचे होते.

हौशी रेडिओ म्हटलं की लोकांना वाटतं, माईक हातात घेऊन गप्पा. ते दिवस गेले. आता कॉम्प्युटर रेडिओवरून शीळ घालतो आणि पलीकडचा कॉम्प्युटर ती ओळखतो. पडद्यावर तुमचं संकेतनाव उमटतं, त्याचं उमटतं, शीळ किती जोरात पोचली त्याचा आकडा येतो, मग निरोप घेतल्याची ठरलेली खूण. झालं बोलणं. माणसाने फक्त समोर बसून बटण दाबायचं. या प्रकारात आमचा हात धरणारं या किनाऱ्यावर कोणी नाही, असं आमचे अध्यक्ष उमेत्सु दरवर्षी सांगतात. बाकी कोणी हे करतच नाही, हे ते सांगत नाहीत.

तोगाशी-सान एक्क्याऐंशीचे, बायको गेल्यापासून टेकडीवरच्या घरात एकटे. मागच्या मेळाव्यात त्यांनी तासभर भाषण ठोकलं होतं. बटणसुद्धा न दाबता आपलं आपण उत्तर देणारे नवे प्रोग्राम निघालेत, ते वापरणं म्हणजे चक्क चोरी, यंत्रच यंत्राशी बोलणार असेल तर माणूस हवाय कशाला, वगैरे. मला त्यात डुलकी लागली आणि मी घोरले. त्यावरून त्यांनी महिनाभर अबोला धरला होता.

आमटीला कढ आला आणि दार सरकलं. तोगाशी-सान नव्हते, त्यांची मुलगी मिसातो होती, सेंदाईहून पहाटेच्या बसने आलेली. हातात मिठाईचा डबा होता, पण चेहरा ओढलेला.

"बाबा आलेत ना?" तिने आल्या आल्या विचारलं.

"येतीलच. बैस," उमेत्सु म्हणाले.

"काका, ते फोन उचलत नाहीयेत. मंगळवारपासून करतेय. बुधवारी तुम्हाला विचारलं, तुम्ही म्हणालात ते बरे आहेत, म्हणून धीर धरला. म्हटलं आज इथे तर येणारच, इथेच गाठावं."

"अगं, त्यांना फोनचा पहिल्यापासून तिटकारा. बुधवारी सकाळीच आमचं बोलणं झालं होतं, उगीच सांगेन का तुला? थांब, दाखवतोच."

उमेत्सुंनी तोगाशींचं संकेतनाव टाकून हाक मारली. आम्ही सगळे भिंतीवरच्या पडद्याकडे बघत राहिलो. पाव मिनिट गेलं असेल नसेल, उत्तर आलं. तोगाशींचं संकेतनाव, आकडा, निरोप.

"घे! हा तुझा बाप, धडधाकट," उमेत्सु म्हणाले. "या बाईने भाषणात घोरून अपमान केलाय, म्हणून रुसून घरी बसलेत."

"माझ्यावर कशाला? तुमचं अध्यक्षपद डोळ्यात खुपतंय त्यांच्या," मी म्हटलं.

मिसातो मटकन खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. आठवडाभर झोप नव्हती म्हणाली. मी तिला आमटी वाढली. तिने दोन वाट्या खाल्ल्या. आईच्या हाताची अशीच असायची, काकू, म्हणाली. मला इतकं बरं वाटलं. आमचे तिसरे सोबती कुरोगी तेवढे खाली मान घालून आमटी ओरपत होते, पण ते मुलखाचे घुमे, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

"अहो अध्यक्ष, लेक आलीय म्हणून कळवा तरी त्यांना. धावत येतील," मी म्हटलं.

ठरलेल्या मजकुराच्या जागी दहाबारा अक्षरं स्वतःची घालता येतात. उमेत्सुंनी टाकलं, मिसातो आली. उत्तर आलं नाही. पुन्हा टाकलं. तोगाशींच्या रेडिओने आमच्याकडे लक्षच दिलं नाही, कोणीतरी बोला म्हणून साऱ्या जगाला हाक मारली. मग उमेत्सुंनी नेहमीच्या पद्धतीने हाक मारून पाहिली. लगेच उत्तर आलं, संकेतनाव, आकडा, निरोप.

"माझं नाव दिसलं नसेल का त्यांना?" मिसातोने विचारलं.

कुरोगींनी वाटी खाली ठेवली.

"उन्हाळ्यापासून त्यांचे हात थरथरत होते," ते म्हणाले. "बटण दाबलं जात नव्हतं. तो आपोआपचा प्रोग्राम मीच बसवून दिला. कोणाला सांगू नका म्हणाले. एवढं मोठं भाषण केलेलं, लाज वाटत होती त्यांना."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय? पोटभर ओरपून झाल्यावर?" माझा आवाज चढला.

"मला वाटलं, असतील शेजारी बसलेले. उत्तर येतंय म्हणजे..."

मिसातो तोवर जिन्यात पोचली होती.

उमेत्सुंच्या गाडीने आम्ही टेकडीवर गेलो, कुरोगी सभागृहातच थांबले. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघर आणि रेडिओची खोली यांच्यामधल्या बोळात तोगाशी-सान पडले होते. खुब्याचं हाड मोडलं असावं, पाय वाकडा झाला होता. त्यांच्या डोक्यावरच भिंतीला फोन होता, उभ्या माणसाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. मिसातोने त्यांच्या गालाला हात लावला आणि लगेच मागे घेतला. मी तिच्यामागे उभी होते, मला तिला धरायचंसुद्धा सुचलं नाही.

आतल्या खोलीत यंत्र चालू होतं. चिलीतलं कोणी तोगाशींना हाक मारत होतं आणि त्याला उत्तर जात होतं. खाली यादीत त्या आठवड्यात उत्तर दिलेली सगळी नावं होती. त्यात मीही होते, शुक्रवारी सकाळी. त्या दिवशी आकडा चांगला आला म्हणून मी खुशीत होते. मी बटण बंद केलं.

डॉक्टर आले, पोलीस आले. डॉक्टर हळू बोलत होते, पण बोळात सगळं ऐकू येतं. सोमवारी रात्री पडले असावेत. गुरुवारपर्यंत जिवंत असावेत.

उमेत्सु दारातच उभे होते. त्यांनी बूटसुद्धा काढले नव्हते. मला वाटलं, आता मिसातो त्यांचे वाभाडे काढणार, आणि काढायलाच हवे होते. माझेही काढायला हवे होते. ती आली ती त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली आणि खाली वाकली.

"बाबांना तुमची सगळ्यांची सोबत होती. फार उपकार झाले," ती म्हणाली.

उमेत्सु घाईने बूट काढायला वाकले.

"काका, बुधवारी तुमचं बोलणं झालं होतं ना? काय म्हणाले बाबा?"

मला वाटलं, खोटं बोलावं या माणसाने. तुझी आठवण काढत होते म्हणावं, काहीही म्हणावं. मीच म्हणणार होते, पण तिने मला विचारलं नव्हतं.

"काही नाही म्हणाले, पोरी," उमेत्सु म्हणाले. "आम्ही कोणी कोणाशी काही बोलतच नाही."

तिने मान हलवली, जणू तिला हे आधीपासून ठाऊक होतं, आणि ती उठून आत बापाजवळ जाऊन बसली.