पायाचं माप

"मी सही करणार नाही," असं म्हणून तिने दवाखान्याच्या खाटेवर भिंतीकडे तोंड फिरवलं.

डाव्या पायाची बोटं काळी पडली होती आणि काळेपणा घोट्याकडे सरकत होता. डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला बाहेर नेऊन सांगितलं, "साखरेने जखम चिघळलीय. संध्याकाळपर्यंत पाय काढला नाही, तर बाई हाती लागणार नाहीत."

तो नळाचे मीटर वाचायचा. दिवसभर लोकांच्या दारांत वाकायचं आणि घरी आला की मागच्या खोलीत कातडं शिवायची आरी घेऊन बसायचं. चित्रं बघून शेकडो वर्षांपूर्वीचे बूट तो हाताने शिवी. सैनिकांचे गुडघ्यापर्यंतचे, खलाशांचे, दरबारी बायकांचे उंच टाचेचे. ते कुणी घालायचं नाही, नुसते फळीवर मांडायचे. कातड्याच्या त्या वासात तिने सगळा संसार काढला होता.

मुलीने विनवलं, भावाने दरडावलं. तिचा हेका सुटेना. शेवटी नवरा तिच्या पायाशी बसला.

"ऐक ना गं. तुझ्याशिवाय मी काय करू?"

"बूट करा."

"आता तरी चेष्टा नको."

"चेष्टा कसली? मेलेल्या सरदारांचे पाय तुम्हाला तोंडपाठ. माझ्या पायाचं माप कधी घेतलंत? आता पायच जायला निघाला तेव्हा गयावया करताय!"

तो उठून चालता झाला. बाबा रागावले, असं मुलीला वाटलं.

तो घरून परतला तेव्हा त्याला धाप लागली होती. हातात पुठ्ठा, पेन्सिल आणि कापडी पट्टी. खाली गुडघे टेकून त्याने तिच्या उजव्या तळव्याला पुठ्ठा लावला. पहिली रेघ पाऊल सोडून भलतीकडेच गेली. ती अंगठ्याने पुसून त्याने पुन्हा काढली.

ती मान वळवून बघत राहिली.

"आणि दुसऱ्याचं?"

पट्टी त्याच्या हातातून गळाली. तिच्या उजव्या पावलावर कपाळ टेकून तो हुंदके देऊ लागला. मुलगी दाराशी थिजून उभी होती.

बऱ्याच वेळाने ती मुलीला म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना बोलाव. सही करते."

मग हात लांबवून तिने डाव्या पायावर स्वतःच पांघरूण ओढलं.

"उठा आता," ती म्हणाली. "टाच रुंद आहे माझी. नीट घ्या."