भावाची साक्ष

दोन सदाहरित जंगलांना जोडणाऱ्या झाडीच्या पट्टीवर वसाहत होणार होती. शाळेतल्या बाईंनी गावकऱ्यांना हाताशी धरून तिथून जाणाऱ्या जनावरांचे सहा वर्षांचे फोटो जमवले होते. वसाहतीच्या परवानगीच्या सुनावणीत त्यांनी ते सरकारी साहेबांपुढे मांडले, तोच त्यांचा सख्खा भाऊ उठला.

“साहेब, तिथे जनावर फिरकतही नाही.”

झाडांना कॅमेरे त्यानेच तर बांधले होते.

बाहेर त्यांनी त्याला गाठलं. “का रे असं बोललास?”

“ताई, एका खोलीत सात जण राहतो आम्ही. वसाहतवाले तिथे घर देतायत मला.”



त्याच्या साक्षीवर परवानगी मिळाली. महिन्याभरात पट्टी सपाट झाली, वसाहतीची भिंत उभी राहिली. भिंतीशी अडलेली गाभण हरिणी कुत्र्यांनी फाडली, तेव्हा भाऊच बाईंना बोलवायला आला. दोघांनी मिळून खड्डा खणला.